खाजणातला जावई

सासऱ्यांची कवळी बसखाली आली, सासरे वाचले. पण बायकोनं फोनवर हे ज्या क्रमानं सांगितलं त्यात आधी "बाबा बसखाली" एवढंच आलं आणि मग ती श्वास घ्यायला थांबली. त्याच्या हातात तेव्हा कुणा अनोळखी बाईचा प्लास्टरचा खालचा जबडा होता. तो त्यानं टेबलावर ठेवला, पडू नये म्हणून जरा मागेही सरकवला, आणि तेवढ्या वेळात त्याच्या मनात जे आलं त्याची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. बायकोचा बाप गेला, हे मनात आलं नाही. मनात आलं ते असं, की आता विचारायचं राहूनच गेलं. मग बायकोनं पुढचं सांगितलं. रस्ता ओलांडताना बाबांना जोराची शिंक आली, वरची कवळी तोंडातून उडाली, तिच्यामागे ते धावले, कुणीतरी दंडाला धरून त्यांना मागे खेचलं आणि बस कवळीवरून निघून गेली. "खालची शाबूत आहे," ती म्हणाली आणि रडता रडता हसायला लागली. त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो नेमका कशासाठी टांगलेला होता ते फक्त त्यालाच ठाऊक होतं, आणि ते त्यानं बायकोला सांगितलं नाही.

तो कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरणीचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि त्याची लॅब त्याच इमारतीच्या तळघरात. वर माणसं तोंड उघडून बसतात, खाली त्यांचे नुसते जबडे येतात, नावाची चिठ्ठी लावलेले. छताजवळच्या अरुंद खिडकीतून फुटपाथवरून जाणारे पाय दिसतात. मेणाचा वास, बर्नरची निळी ज्योत, पॉलिश करायच्या मोटरची घरघर, यात त्याचं आयुष्य सुखात चाललेलं आहे. शहरातल्या कितीतरी प्रतिष्ठित माणसांचं हसू त्यानं एकेक दात मेणात रोवून रचलेलं आहे. रस्त्यात ती माणसं त्याला ओळखत नाहीत. तो मात्र त्यांना ओळखतो, चेहऱ्यानं नव्हे, त्यांनी तोंड उघडल्यावर. या गोष्टीची त्याला एक खासगी मजा वाटते. तसा तो मजा वाटणारा माणूस आहे. एका घरात शिरतानाच फक्त त्याला दातखीळ बसते, आणि ते घर सासऱ्यांचं.

शिंकेच्या प्रकरणानंतर बायकोनं विषय काढला तो सोडलाच नाही. बाबा एकटे राहू शकत नाहीत. आई गेल्यापासून त्या एवढ्या घरात ते एका खोलीत राहतात आणि बाकीच्या खोल्यांतले दिवे लावायचे विसरतात. मुलगी होस्टेलवर गेली, मग आपण दोघं या दोन खोल्यांना धरून का बसलोय? आपण तिकडे राहायला जाऊ. तो म्हणाला, बघू. ती शाळेत गणित शिकवते, तिला 'बघू' चालत नाही. "कारण सांग," ती म्हणाली. "एक सांग, पण कारण सांग. बाबांचा त्रास होतो तुला?" नाही, तो म्हणाला, आणि ते खरं होतं. "लोक घरजावई म्हणतील म्हणून?" नाही, तेही नाही. खरं तर घरजावई हा शब्द नाकाला झोंबला असता तर त्याला बरंच वाटलं असतं. जगाला समजेल असं कारण आयतं हाती आलं असतं. त्याच्याजवळ जे कारण होतं ते बोलून दाखवलं असतं तर बायकोनं त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि दातांच्या नव्हे. कवळी तयार होईपर्यंत सांगतो, एवढं बोलून त्यानं मुदत मागून घेतली. तिनं मान हलवली, आणि दुसऱ्याच दिवसापासून कपाटं आवरायला घेतली.

कारण एक कादंबरी होती. तिचं नाव घ्यायची त्या घरात गरज पडत नसे. 'ती कादंबरी' म्हटलं की झालं. सासऱ्यांनी उभी हयात कॉलेजात तीच शिकवली. त्यांना सगळे सर म्हणतात, पेपर टाकणाऱ्यापासून कुलगुरूंपर्यंत, आणि लग्न ठरल्यावर तोही सरच म्हणायला लागला. बाबा हा शब्द जिभेवर यायचा आणि तिथूनच माघारी जायचा. लग्नाच्या हॉलमध्ये, फोटोवाला मधे मधे करत असताना, सरांनी तिची एक प्रत त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "वाचा. तुमच्याकडचं आहे." त्यानं वाकून नमस्कार केला. त्या क्षणी त्याला फार अभिमान वाटला होता. आपल्याकडचं काही पुस्तकात असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि एवढ्या मोठ्या माणसानं ते ओळखून आपल्या हातात द्यावं, म्हणजे तर झालंच. बायकोच्या मावशीनं त्याच वेळी मिक्सर दिला होता. तो मिक्सर कधीच बिघडला, पण त्यावरून त्याला आयुष्यात एकदाही वाईट वाटलं नाही.

कादंबरीत तीन जागा आहेत. वर माळ, मध्ये उतार, खाली खाजण, म्हणजे भरतीचं खारं पाणी शिरणारी सखल जमीन. माळावर मालकांचं काळ्या दगडाचं घर, तिथं वारा आणि उजेड. उतारावर दुकानदार, कारकून, वैद्य; ही माणसं वर बघून बोलतात आणि खाली बघून चालतात, पाय घसरू नये म्हणून. खाजणात मिठागरं आणि मीठ ओढणारे मजूर. लेखक कुणाच्या कपड्यालत्त्याचं वर्णन करत नाही, कुणाकडे काय आहे ते सांगत नाही. माणूस केवढ्या उंचीवर उभा आहे तेवढं सांगतो, की तो कोण ते कळतं. सरांनी यावरच जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यांचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत तेच लिहून पास झाले. गोष्ट एवढीच, की खाजणातला एक तरुण माळावरच्या घरात जावई होऊन येतो. कादंबरीत त्याला नाव नाही, 'खाजणातला' एवढंच. मिठात राबून त्याची पावलं पांढरी झालेली असतात आणि काळ्या फरशीवर तो चालेल तिथे पांढरे ठसे उठतात. मोलकरीण पुसते, ते पुन्हा उठतात. पुढे त्या घराची विहीर खारी होते, सासू अंथरूण धरते, भाऊ भाऊ वेगळे होतात. पांढऱ्या पायाचा, हा शब्द लेखक एकदाही वापरत नाही. वाचणारा तो आपल्या पदरचा घालतो.

लग्नानंतर त्याच आठवड्यात त्यानं ती वाचून काढली. पहिली पन्नास पानं माळावरचं गवत आणि वारा. तीही त्यानं भक्तिभावानं वाचली. मग खाजणातला फाटकाशी येऊन उभा राहिला आणि याचे, खऱ्याखुऱ्या खाजणातून आलेल्याचे, कान तापले. पानागणिक ते हॉलमधलं वाक्य बदलत गेलं. 'वाचा, तुमच्याकडचं आहे' यातला जिव्हाळा ओसरला, मग त्यात सावधपणा दिसायला लागला, आणि शेवटच्या पानाशी ती सरळ सरळ समज होती: आम्ही कोण आणि तुम्ही कोण ते एकदा नीट वाचून घ्या. त्यानं पुस्तक कपाटात उभं ठेवलं, मग आडवं ठेवलं, मग दुसऱ्या पुस्तकांमागे ठेवलं. पण अशी पुस्तकं ठेवून राहत नाहीत. दर एकदोन वर्षांनी तो ते काढायचा आणि पुन्हा वाचायचा, जीभ दुखऱ्या दाताशीच जावी तसा, दरवेळी अशी आशा धरून की या खेपेला काही वेगळं निघेल. निघायचं नाही. होता होता ते पाठ झालं.

रविवारी सासरी जायचं ठरलेलं असे. दारातल्या पायपुसण्यावर तो इतका वेळ बूट घासायचा की बायको म्हणायची, अरे, झिजेल ते, आणि आत निघून जायची. आत फरशी काळी नव्हती, साधी राखाडी होती, पण त्याची नजर आधी फरशीवर आणि मग माणसांवर जाई. त्या घरात तो एक रात्रही राहिला नाही. सकाळी लवकर डिलिव्हरी आहे, हे त्याचं कायमचं वाक्य. सासूबाई आजारी पडल्या तेव्हा दवाखान्याच्या खुर्चीत बसून त्यानं मनातल्या मनात हिशेब मांडला, विहीर नाही, पण अंथरूण झालं, आणि मग स्वतःलाच शिव्या दिल्या. त्या गेल्यावर घराच्या मागच्या भिंतीला चीर पडली. ती ओल आल्यामुळे पडली होती, गवंडी तसं म्हणालाही, पण गवंड्यानं कादंबरी वाचलेली नव्हती. आणि या सगळ्यावर शिक्कामोर्तब करणारी एक गोष्ट होती. सरांचे जुने विद्यार्थी रविवारी बैठकीत जमत. तो पायऱ्या चढत असताना आत वाद चाललेला ऐकू येई, माळ असा आणि उतार तसा, कुणाचा तरी आवाज चढलेला. तो दारात आला रे आला की गप्प. सर खाकरून म्हणत, "या. कशी आहे हवा?" ज्या घरात त्या कादंबरीवाचून पान हलत नाही, तिथे याच्यासमोर तेवढी तिची वाच्यता नाही. याचा अर्थ लावायला गणित शिकवणाऱ्या बायकोची गरज नव्हती.

वास्तविक त्याची पावलं पांढरी नव्हती. मिठागरात त्याचे वडील होते. त्याला शाळेतून थेट शहरात मामाकडे पाठवून दिलं आणि तिथे तो ही कला शिकला. खाजण त्याला आठवतं ते सुट्टीतलं. दुपारी मिठाच्या ढिगांवर ऊन पडलं की डोळे उघडे ठेवणं अशक्य व्हायचं. सगळी माणसं डोळे बारीक करून, नाक वर ओढून बोलत, त्यामुळे लांबून सगळेच हसतायत असं वाटे. संध्याकाळी वडील बादलीत गोडं पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसत आणि आई त्यांच्या टाचांच्या भेगांत तेल भरी. भरताना ती काहीतरी चिडवायची, वडील लटकं ओरडायचे. त्या बादलीतलं पाणी सकाळी आईनं अळूच्या— नाही, अळू तिथे जगायचंच नाही, तिनं ते नुसतंच अंगणात ओतलं असणार. इतकं त्याला आठवतं आणि पुढे कादंबरीतलं आठवायला लागतं. तिथे खाजणात कायम संध्याकाळ असते, करडी, कुजकट वासाची. हल्ली हल्ली तर स्वतःच्या वडिलांना आठवू लागला की ते त्या करड्या संध्याकाळीतच उभे दिसतात. याचं त्याला सगळ्यांत वाईट वाटतं. पण हे कुणाला सांगणार? म्हणजे एका पुस्तकानं माझ्या वडिलांवरचं ऊन नेलं, असं सांगणार?

मग सरांचं माप खाली आलं. वरची गेली की खालचीही नवी करावी लागते, दोघींचं एकमेकींशी पटायला हवं. चिठ्ठीवर डॉक्टरणीनं नुसतं 'सर' लिहिलं होतं. त्यानं प्लास्टर कालवलं, ओतलं, सुकल्यावर सोडवलं आणि सरांचं तोंड तळहातावर घेऊन तो खिडकीखाली उभा राहिला. दात गेले की जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं. वरची कवळी टाळूला चिकटून तरी राहते, खालचीला धरायला काही उरत नाही. सरांचा खालचा जबडा जवळजवळ सपाट झाला होता. इतक्या वर्षांत त्यानं सरांना हातही लावला नव्हता, नमस्काराचा सोडून. आणि आता त्यांच्या हिरड्यांचा उंचसखलपणा त्याच्या अंगठ्याखाली होता, एक बाजू जास्त झिजलेली, म्हणजे म्हातारा एकाच बाजूनं चावत होता, म्हणजे दुसरी बाजू दुखत असणार, आणि कुणाला बोलला नसणार. आपल्यात आणि यांच्यात एवढं तरी सारखं आहे, हे त्याच्या मनात आलं आणि तो थोडा दचकला. त्या कवळीवर त्यानं गरजेपेक्षा जास्त दिवस काम केलं. पुढचा एक दात किंचित तिरका बसवला, माणसाचा स्वतःचा वाटावा म्हणून. बायको रोज विचारायची, झाली का कवळी? ती कवळीबद्दल विचारत नव्हती हे दोघांनाही माहीत होतं.

मेणातली कवळी तोंडात बसवून बघायचा दिवस आला तेव्हा बायको शाळेत होती आणि तो कवळी, सुरी आणि छोटा बर्नर घेऊन वर दवाखान्यात आला होता. सर रिक्षानं एकटेच आले, तोंडावर रुमाल धरून. मापाचा दिवस सोडला तर इतके दिवस ते घराबाहेर पडले नव्हते. खुर्चीत मागे रेलून त्यांनी रुमाल काढला आणि जावयाकडे न बघता तोंड उघडलं. डॉक्टरणीनं कवळी बसवली, मिटा म्हणाली, उघडा म्हणाली, ओठ बघितले. "छान दिसताय सर. आता बोला काहीतरी. बोलल्याशिवाय कळत नाही कुठे अडतंय ते." तेवढ्यात शेजारच्या खोलीतून मदतनीस बाई हाक मारत आली, तिथल्या पेशंटची अर्धीच दाढ निघाली होती. "तुम्ही बघा," डॉक्टरीण त्याला म्हणाली, "घरचंच माणूस आहे," आणि गेली. खोलीत ते दोघं राहिले. हवा कशी आहे ते विचारायचीही सोय नव्हती, सगळ्या खिडक्या बंद होत्या.

"आकडे म्हणा," तो म्हणाला. "साठपासून. 'स' लगेच कळतो."

सर आज्ञाधारकपणे म्हणू लागले. साठ, एकसष्ट, बासष्ट. सदुसष्टला बारीक शीळ वाजली. त्यानं कवळी काढून घेतली, सुरी ज्योतीवर धरली, एक दात केसभर आत घेतला, कवळी गार पाण्यातून काढून परत दिली. "आता सलग बोला. 'व' आणि 'फ' यायला हवेत. वरचे दात खालच्या ओठाला नीट टेकतात का बघू."

"सलग काय बोलू?"

"काहीही. पाठ असेल ते."

सरांनी डोळे मिटले. उभ्या आयुष्यात पाठ म्हणून जे काही होतं ते आपसूक सुरू झालं. "'सर्वांच्या आधी तो वर आला. उतारावरच्या खिडक्या अजून वाऱ्याला उघडल्या नव्हत्या. फाटकाशी तो थांबला, वहाणा काढून हातात घेतल्या, आणि फरशीवर पहिलं पाऊल...'" इथे त्यांनी डोळे उघडले. समोर जावई उभा दिसला आणि ते चोरी पकडल्यासारखे गप्प झाले. "पुरे," ते घाईनं म्हणाले. "आकडेच बरे. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर..."

ज्योत जळत होती. त्याच्या हातात सुरी होती आणि तिच्यावरचं मेण वितळून थेंब होऊन टोकाशी लोंबत होतं. त्याला राग आला नाही. त्याला फक्त अतोनात थकल्यासारखं झालं, ओझं घेऊन रांगेत उभ्या माणसाला खिडकी बंद झाल्यावर होतं तसं. यांनी एवढं तरी पुरं म्हणायचं होतं. एवढं सांभाळून घेणंही आता नको. आणि सुरीकडे बघत, अगदी साध्या आवाजात, त्यानं ते वाक्य पुरं केलं. "'...ठेवलं, आणि जणू त्या घरानं त्याचीच वाट पाहिली असावी तसा, काळ्या दगडावर पांढरा ठसा उठला.'"

शहाऐंशी म्हणता म्हणता सर थांबले.

"तुम्ही वाचलंय?"

"पाठ आहे."

सर ताठ बसले. गळ्याशी बांधलेला कागदी रुमाल सुटून मांडीवर पडला. "कधी?"

"लग्न झालं त्याच आठवड्यात."

"आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही तरी कुठं बोललात? आता थांबलात ना, ठशापाशी." इतक्या वर्षांचं विचारायचं राहिलेलं ते आता तोंडाशी आलंच होतं. "मी आलो की सगळे थांबतात. मला कळतं ते. पण सर, मग दिलंत कशाला? आणि वर म्हणालात, तुमच्याकडचं आहे."

 सरांनी बोट घालून दोन्ही कवळ्या काढल्या आणि ट्रेमध्ये ठेवल्या. "हे मध्ये नको," ते म्हणाले. दातांशिवाय शब्द ओले होऊन येत होते, पण कळत होते. "मी का थांबलो सांगू? मला वाटलं, तुमच्यानं ते पुस्तक पुढं गेलं नाही. पहिली पन्नास पानं नुसतं गवत आहे. माझे एम.ए.चे विद्यार्थी तिथे गार होतात. तुम्ही एक महिना बोलला नाहीत, दोन महिने बोलला नाहीत. म्हटलं, झालं. या माणसाला उगाच कानकोंडं करायचं नाही. हिला सांगितलं, मुलीला सांगितलं, येणाऱ्याजाणाऱ्यांना तंबी देऊन ठेवली. जावई आले की कादंबरी बंद. अहो, नियमच होता घरात."

"पण दिलंत का?"

"दुसरं काय देणार?" सरांनी हात पसरले. "मला दुसऱ्या कशाबद्दल बोलता येत नाही. मला खेळातलं कळत नाही, राजकारणावर मी चिडतो. लग्न ठरलं तेव्हा धडकीच भरली होती मला, जावयाशी बोलायचं काय? मग कळलं की खाजणातला आहे. इतका आनंद झाला. म्हटलं, हा वाचेल आणि येऊन भांडेल माझ्याशी. म्हणेल, सर, हे सगळं चूक आहे. दर रविवारी तुम्ही पायपुसण्यावर पाय घासत उभे राहायचात ना, मी आत ऐकत असायचो. वाटायचं, आज याला काहीतरी म्हणायचंय, म्हणून वेळ लावतोय. आज बोलेल. आणि तू आत येऊन मला हवेबद्दल सांगायचास."

तो 'तू' त्यांच्याही लक्षात आला नसावा. त्याच्या मात्र आला आणि तो डॉक्टरणीच्या फिरत्या स्टुलावर बसला. हायसं वाटणं म्हणजे काय ते त्याला आत्तापर्यंत माहीत होतं असं त्याला वाटत होतं. ते हे नव्हतं. हे अंगात वरून खाली उतरत गेलं, मानेतून, खांद्यातून, आणि पावलांपर्यंत पोचल्यावर बुटांच्या आत बोटं आपोआप हलली. एवढी वर्षं. दोन शहाणी माणसं दाराच्या दोन बाजूंना उभी, आणि दोघंही दुसऱ्याला जपतायत. त्याला वर्षांबद्दल वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटलंही, पण त्यालाही हसू चिकटून आलं.

"मग?" सर पुढे झुकले. बोळक्या तोंडानं ते एकदम लहान दिसत होते आणि डोळे चमकत होते. "चूक आहे का?"

"तिथे कुणी डोळे बारीक करत नाही."

"म्हणजे?"

त्यानं सांगितलं. दुपारचं ऊन, पांढरे ढीग, लांबून हसल्यासारखी दिसणारी माणसं. सांगता सांगता वडिलांच्या वाट्याचं ऊन किंचित परत आलं. "आणि कादंबरीत तिथे कायम संध्याकाळ."

"ते लेखकानं मुद्दाम केलंय," सर लगेच म्हणाले. याच क्षणासाठी ते जन्मभर तयार होऊन बसले होते. "उजेड त्यानं माळासाठी राखून ठेवला. खाली एवढा उजेड दाखवला असता तर वरचं घर उंच कशानं वाटलं असतं? ते खाजण नाहीच. वरच्या माणसाला आपण वर आहोत असं वाटावं, म्हणून रचलेला खड्डा आहे तो. तो तुला म्हणतच नाहीये काही. तो माळाबद्दल बोलतोय, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. हे मी वर्गात घसा कोरडा होईपर्यंत सांगितलंय. फक्त तू वर्गात नव्हतास."

"पण विहीर खारी होते."

"समुद्रकाठच्या टेकडीवर उपसा वाढवला तर काय गोडी राहील? दुसऱ्या भागात पाणी कोण उपसतंय बघ. मोठा भाऊ. खाजणातल्याचा काही संबंध आहे का? घरातली माणसं याच्या पायांकडे बघत बसतात म्हणून त्यांना ते दिसत नाही."

आणि आपल्यालाही दिसलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. पाठ असूनही. तोसुद्धा त्या घरातल्या माणसांबरोबर ओळीनं उभा राहून खाली पायांकडेच बघत होता. डॉक्टरीण परत आली तेव्हा सर बिनदातांनी तावातावानं बोलत होते आणि ज्योत तशीच जळत होती. तिनं दोघांकडे बघितलं. "जमलं का?"

"'स' जमलाय," तो म्हणाला. "'फ' राहिला."

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा बायको जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. भिंतीशी दोन खोकी भरून ठेवलेली होती. त्यांच्याबद्दल ती काही बोलत नव्हती, तोही बोलत नसे. तो समोर बसला आणि म्हणाला, "आपण तिकडे जाऊ राहायला."

तिचं पेन थांबलं. "कवळी झाली?"

"दोन दिवसांत होईल. जाऊ आपण."

"अचानक?"

मग त्यानं सांगितलं, सगळं, हॉलमधल्या वाक्यापासून. भिंतीच्या चिरेचंही सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं, पण ती त्याच्याकडे जराशा दुखावल्या नजरेनं बघत राहिली. "म्हणजे तू वाचलंयस ते."

"हो. तुझ्यासारखंच."

"मी कुठं वाचलंय?" ती म्हणाली आणि उगाचच दाराकडे बघून आवाज खाली आणला. "बाबांना सांगू नकोस. तीनदा सुरू केलं. ते गवतच संपेना. मी गणित घेतलं ते का, असं वाटतं तुला? बाबांनी जेव्हा सांगितलं ना, की त्याच्यासमोर विषय काढू नका, त्यानं वाचलं नाहीये, मला इतकं बरं वाटलं होतं. म्हटलं, या घरात आपल्या बाजूला एक माणूस आला. रविवारी मी आत शिरले की ते सगळे बोलतच असायचे, आणि तुझं ते बूट घासणं कधी संपतंय याची मी वाट बघायची. तू आलास की ते गप्प व्हायचे."

यावर तो जो हसायला लागला तो थांबेना. ती आधी रागावली, मग तिलाही आवरेना, आणि एक वही खाली पडली. डोळे पुसून ती म्हणाली, "आता एवढं केलंस तर शेवट तरी सांग. काय होतं त्याचं?"

"एक दिवस उजाडता उजाडता तो फाटक उघडतो आणि उतारावरून खाली चालायला लागतो. तिथे संपतं."

"खाली कुठे? घरी जातो?"

"ते लिहिलेलं नाही."

"असं कसं? कुठंतरी राहायला गेलाच असेल ना. माणूस आहे." तिनं वही उचलून झटकली आणि वर ठेवली. मग कॅलेंडरकडे बघितलं. "शनिवारी सामान हलवू. रविवारी नको, रविवारी बाबांची ती मंडळी येतात. तू बोलायला लागलास तर खोकी कोण सोडणार?"

"रविवारीच जाऊ," तो म्हणाला.